गुरूची कडी बघायची असतील तर आधी कवडसा बघा

जानेवारी-फेब्रुवारीत अंगणात दुर्बीण मांडली की शेजारपाजारची मंडळी जेवणं आटोपून येतात. चंद्र बघून होतो, शनी असेल तर त्याचं कडं बघून "अगदी चित्रासारखंच की!" असं निम्मी मंडळी तरी म्हणतात, आणि मग आठवी-नववीतलं एखादं पोर हमखास विचारतं, "काका, गुरूलापण कडी आहेत ना? ती दाखवा."

आहेत. पण माझ्या सहा इंची दुर्बिणीतून दिसत नाहीत. पूर्वी मी "दुर्बीण लहान आहे रे" म्हणून वेळ मारून न्यायचो. ते उत्तर अर्धंच खरं होतं. दुर्बीण लहान आहे हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे आपण चुकीच्या बाजूला बसलोय. ही बाजूची भानगड एकदा कळली की गुरूच्या कड्यांचं जवळजवळ सगळं कळतं, आणि ती कळायला दुर्बीण लागतच नाही. जुन्या नळ्यांच्या घरातलं एक काचेचं कौल पुरतं.

खाली पाच कामं दिली आहेत. पहिली दोन एका रविवारी होतात. बाकीची आभाळ आणि सवड बघून करा. सामान बहुतेक घरातलंच: काळी छत्री, टाल्कम पावडर, सुतळी, मोजपट्टी, रांगोळी, मोहरीचा दाणा, पुठ्ठा, मोबाइल. चौथ्या कामाला संगणक हवा.

पहिलं काम: कवडसा दोन्ही बाजूंनी बघणे

काचेचं कौल असलेली खोली निवडा. आमच्याकडे ते माजघरात आहे. स्लॅबच्या घरात असाल तर खिडकीचा पडदा ओढून घ्या आणि बोटभर फट ठेवा. वेळ सकाळी नऊ ते साडेदहा. तेव्हा ऊन तिरकं येतं आणि कवडसा पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतो. दारं-खिडक्या लावून खोली होईल तेवढी अंधारी करा, पंखा बंद करा.

आता चिमूटभर टाल्कम पावडर कवडशाच्या वर झटका, किंवा जुनी गोधडी एकदाच झाडा. पीठ उडवू नका. समई किंवा गॅस पेटलेला असेल तर उडतं पीठ भडकू शकतं. घरात दम्याचं माणूस असेल तर हे काम दुसऱ्या घरी करा.

आधी सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून पश्चिमेकडे बघा. कवडशाच्या पलीकडे कोणीतरी काळी छत्री उघडून धरायची, नाहीतर मागची पांढरी भिंत सगळं खाऊन टाकते. धूळ दिसते, पण फिकी. मग पश्चिमेच्या बाजूला जा आणि उजेड जिकडून येतोय तिकडे तोंड करा. छत्री पुन्हा कवडशापलीकडे. एक गोष्ट मात्र पाळायचीच: डोळा कवडशात येऊ द्यायचा नाही. कवडशाच्या जरा बाजूला उभं राहा आणि काचेचं चकाकणारं कौल एखाद्या वाशाआड, नाहीतर स्वतःच्या तळहाताआड लपवा.

आमच्याकडे छत्री धरायला भाचा होता. पूर्वेच्या बाजूने बघताना तो म्हणाला, "मामा, पावडर संपली वाटतं." पश्चिमेला आला आणि गप्प झाला. एकेक कण ठिणगीसारखा पेटलेला, वरखाली होणारा, मध्येच कवडशाबाहेर जाऊन विझणारा. पावडर तीच होती आणि ऊनही तेच.

मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पहिल्या बाजूला स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि तसंच ठेवून दुसऱ्या बाजूचा फोटो घ्या, नाहीतर मोबाइल आपल्या मनाने उजेड वाढवतो आणि फरक पुसून टाकतो.

खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रयोग कधीच करावा लागला नसता. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांवर मॅंगनीज-लोखंडाच्या खनिजाच्या ट्रकांमागून सकाळी स्कूटर चालवलेल्या कोणालाही विचारा. सूर्य समोर असेल तर उडालेल्या धुळीची लालभडक भिंत उभी राहते, समोरचा ट्रक दिसत नाही. तोच रस्ता, तोच ट्रक, सूर्य पाठीशी असेल तर रस्ता साफ वाटतो. धूळ तेवढीच असते, हे घरी गेल्यावर शर्ट सांगतो.

कारण असं. प्रकाशाच्या लहरीहून थोडे मोठे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके, अर्थात एखाद-दोन मायक्रॉनपासून पुढचे कण त्यांच्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेने विखुरतात. मागे फार थोडा परततो. दगड, गोटे, बर्फाचे ढेकूळ यांचं उलट असतं. त्यांच्यावर पडलेला उजेड आल्या बाजूलाच परततो, मागे नुसती सावली राहते. अगरबत्तीचा धूर याच कवडशात सोडून बघा. त्याचे कण आणखी बारीक असतात, म्हणून तो बाजूनेही बरा दिसतो आणि निळसर छटा दाखवतो. म्हणजे कुठल्या बाजूने किती चमकतं यावरून कण केवढे आहेत ते ओळखता येतं. कण हातात न घेता गुरूच्या कड्यांतली धूळ किती बारीक आहे ते असंच ओळखलं गेलं.

आता हेच आकाशात. शनीची कडी मुख्यतः बर्फाच्या ढेकळांची आहेत, म्हणून ती आपल्याला, सूर्य पाठीशी असतानाही, झकास दिसतात. गुरूची कडी धुळीची. आणि गुरू सूर्यापासून आपल्या पाचपट लांब असल्यामुळे तिथून बघितलं तर पृथ्वी सूर्यापासून कधीही १२ अंशांहून जास्त दूर जात नाही. म्हणजे गोव्यात बसा नाहीतर हवाईच्या डोंगरावर, आपण कायम पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून बसलेलो. पश्चिमेच्या बाजूला जायचं तर गुरू ओलांडून पलीकडे जावं लागतं.

ते यानांनी केलं. व्हॉयेजर १ मार्च १९७९ मध्ये गुरूजवळून जात असताना, यान गुरूच्या विषुववृत्ताची पातळी ओलांडणार त्या बेताने, ११ मिनिटांचा एकच लांब फोटो घेतला गेला. त्यात एक फिकट पट्टा आला. त्याआधी १९७४ मध्ये पायोनियर ११ ला गुरूजवळ विद्युतभारित कणांची संख्या मध्येच घटलेली आढळली होती आणि तिथे काहीतरी असावं अशी शंका काहींनी बोलून दाखवली होती. फोटो मात्र हा पहिला. चार महिन्यांनी व्हॉयेजर २ गुरू ओलांडून पुढे गेलं आणि त्याने मागे वळून सूर्याच्या दिशेने बघितलं. तेच कडं आता झळझळीत दिसलं. पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये गॅलिलिओ यानाने तर गुरूच्या सावलीत शिरून फोटो घेतले. सूर्य गुरूआड लपलेला, कडं पेटलेलं. आपण वाशाआड कौल लपवलं, त्यातलाच प्रकार.

दुसरं काम: अंगणात कडी आखणे

माझा पहिला बेत तुळशीवृंदावनालाच गुरू करायचा होता. मधोमध आहे, अंगण सारवलेलं आहे, आणखी काय हवं? पण "तुळशीला दोरी बांधायची नाही" असा घरून हुकूम आला. तेव्हा बाजूची मोकळी जागा घ्या. निदान साडेतीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ मावलं पाहिजे. मध्ये खुंटी ठोका, तिला सुतळी बांधा आणि ५० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. हा गुरू. त्याची खरी त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर, म्हणजे आपल्या अंगणात १ सेंटिमीटर म्हणजे १,४३० किलोमीटर. आपली पृथ्वी इथे ९ सेंटिमीटर व्यासाची, हातात मावेल एवढ्या मोसंबीएवढी.

आता खुंटीपासूनची अंतरं:

६४ ते ८६ सेंमी: प्रभामंडल, जाडजूड पण अगदी विरळ
८६ ते ९० सेंमी: मुख्य कडं
९० ते १२७ सेंमी: अमाल्थिया या छोट्या चंद्राचं तलम कडं
९० ते १५८ सेंमी: थीबी या दुसऱ्या छोट्या चंद्राचं तलम कडं, हे अमाल्थियाच्या कड्याला पोटात घेऊन पुढे जातं
२९५ सेंमी: आयो, चार मोठ्या चंद्रांतला सर्वांत आतला

रांगोळी फक्त मुख्य कड्यात घाला, चार बोटांच्या पट्टीत, तीही हात आखडता घेऊन. प्रभामंडलात आणि तलम कड्यांत घालूच नका, कडा फक्त बोटाने आखा. खरं तर मुख्य कड्यातही घालायला नको. त्यातून काटकोनात आरपार जाणाऱ्या प्रकाशातला लाखातला एक भागही अडत नाही. तलम कडी त्याहूनही कितीतरी विरळ. हवेत तरंगणाऱ्या कोळ्याच्या धाग्याला इंग्रजीत जो 'गॉसमर' शब्द आहे तोच खगोलवाल्यांनी या कड्यांना दिलाय. मला मराठीत 'तलम' बरा वाटतो. उन्हात वाळत घातलेल्या धोतराची आठवण येते.

आता चंद्र मांडा, कारण या गोष्टीतले खरे कर्ते तेच. ८९.५ सेंमीवर मेटिस, ९० च्या जरा पुढे अड्रास्टिआ. या मापात मेटिस पाव मिलिमीटरहून थोडा मोठा आणि अड्रास्टिआ मिलिमीटरचा दहावा भाग, तेव्हा रव्याचा कण ठेवून मोकळे व्हा. १२७ वर मोहरीचा दाणा, हा अमाल्थिया, सुमारे २५० किलोमीटर लांबीचा ओबडधोबड दगड. १५५ वर खसखस, ही थीबी.

मांडून झालं की एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते: प्रत्येक कडं एकेका चंद्रापाशी, किंवा त्याच्या जरासं पुढे, संपतं. आणि धूळ आहे ती चंद्राच्या आतल्या बाजूला. गॅलिलिओचे फोटो बघून शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये जो निष्कर्ष जाहीर केला तो नेमका इथूनच निघतो. सौरमालेत भटकणारे बारीक खडे गुरूच्या ओढीने प्रचंड वेग घेतात आणि या चंद्रांवर आदळतात. धूळ उडते. चंद्र इतके लहान की उडालेल्या धुळीला परत खेचून घ्यायची ताकद त्यांच्यात नाही. त्यात अड्रास्टिआ, चौघांतला सर्वांत छोटा, धूळ पुरवण्यात सर्वांत उदार आहे. मोठा चंद्र जास्त मार खातो, पण उडालेलं पुन्हा पोटात घालतो. काही घरांतल्या थोरल्यांसारखं.

मग धूळ आतच का सरकते? याला पावसाळ्यातली स्कूटर बघा. म्हापशाहून पणजीला येताना पाऊस अगदी सरळ पडत असला तरी तोंडावर समोरूनच येतो, कारण आपण पुढे धावत असतो. गुरूभोवती धावणाऱ्या कणाला सूर्यप्रकाशही तसाच किंचित समोरून लागतो. तो धक्का अगदी क्षुल्लक असतो, पण कणही मायक्रॉनचा. घासत घासत त्याची गती कमी होते आणि तो गुरूकडे उतरत जातो. मुख्य कड्यातला कण शंभर ते हजार वर्षांत संपतो असा अंदाज आहे. मेटिस आणि अड्रास्टिआ नवी धूळ पुरवत राहतात म्हणून कडं टिकून आहे. तो पुरवठा थांबला तर काही शतकांत अंगण झाडून काढल्यासारखं होईल.

जाडी दाखवायला पुठ्ठा घ्या. मुख्य कड्यासाठी कागदाच्या घडीएवढी, अगदी जाड धरली तरी २ मिलिमीटर. अमाल्थियाच्या कड्यासाठी सुमारे १.७ सेंटिमीटर उंच पट्टी, थीबीच्या कड्यासाठी ६ सेंटिमीटर. आता गंमत. अमाल्थियाची कक्षा विषुववृत्ताशी एक तृतीयांश अंशाहून जरा जास्त कललेली आहे, म्हणून तो पातळीच्या वर-खाली प्रत्येकी सुमारे १,२०० किलोमीटर जातो. थीबीचा कल अंशभराहून थोडा जास्त, ती ४,००० किलोमीटरच्या वर जाते. दोन्हीची दुप्पट करा, सेंटिमीटरमध्ये आणा, तुमच्या पुठ्ठ्याची उंची येते. चंद्राने जेवढं वर-खाली जावं तेवढीच त्याच्या धुळीची जाडी. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा खरंच उठून चहा करून आलो आणि पुन्हा तपासला.

आणखी एक बारकावा. या तलम कड्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा मधल्या भागापेक्षा उजळ दिसतात. झोपाळ्यावर बसलेलं मूल बघा. मधून ते झपकन जातं आणि दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतं. शंभर झोपाळ्यांचा एकत्र फोटो काढला तर टोकांना गर्दी दिसेल. धुळीच्या कणांचंही तेच.

प्रभामंडलालाही झोपाळाच लागू पडतो, फक्त इथे कोणीतरी ढकलतंय. कण विद्युतभारित असतात आणि गुरूचं चुंबकीय क्षेत्र त्याच्याबरोबर ९ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारतं. आत सरकणारा कण ८६ सेंमीच्या रेषेवर पोचला की तिथे त्याच्या तीन फेऱ्यांत गुरूच्या बरोबर दोन फेऱ्या होतात. धक्का नेमका वेळेवर बसत राहतो, झोका वाढत जातो, आणि सपाट कडं फुगून ९ सेंटिमीटरभर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर, जाड होतं. मुलांना हे सांगायला झोपाळ्यावर एकाला बसवून दुसऱ्याला बेताल ढकलायला लावा, मग तालात. शब्द कमी लागतात.

तिसरं काम: खरा गुरू बघणे

गोव्यात जून ते सप्टेंबर आकाश विसराच. गुरू दर १३ महिन्यांनी आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. पुढच्या वेळा फेब्रुवारी २०२७ आणि मार्च २०२८, म्हणजे आपल्याकडच्या कोरड्या दिवसांत. नशीब म्हणायचं. साधी १० बाय ५० ची द्विनेत्री भिंतीला कोपर टेकवून धरली तरी चार चंद्र दिसतात. तीन रात्री वहीत त्यांच्या जागा टिपा. पट्टे बघायला चार ते सहा इंची दुर्बीण हवी. ऑनलाइन जाहिरातीत '५२५ पट' वगैरे लिहिलेली घेऊ नका. मी घेतली होती. तिच्या तिवईवर आता घरी कपडे वाळतात. आणि जी काय घ्याल ती पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवू नका, आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याला वाळवा.

दुर्बिणीत एक गोष्ट मुद्दाम करा. गुरूला दृष्टिक्षेत्राच्या जरासं बाहेर ढकला. त्याचा गोळा दिसणार नाही, पण त्या बाजूने उजेडाचा लोळ आत येतच राहील. अमाल्थिया गुरूच्या कडेपासून कधीच ४० विकलांपलीकडे (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) जात नाही, याच लोळात बुडालेला असतो. एडवर्ड बार्नार्डने ९ सप्टेंबर १८९२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून तो शोधला तेव्हा गुरूला दृष्टीआड केलं होतं. फोटोविना, नुसत्या डोळ्याने सापडलेला हा सूर्यमालेतला शेवटचा चंद्र. कडं त्याच्याही नजरेस आलं नाही. गुरूचा अक्ष फक्त तीनच अंश कललेला आहे, त्यामुळे कडं आपल्याला नेहमी जवळजवळ धारेवरून, सुरीच्या पात्यासारखं दिसतं, तेही एक कारण.

त्याच रात्री मृग नक्षत्र वर असेल तर जरा तिकडे बघा. काक्षीचा तांबूस तारा आणि मधल्या बाणाचे तीन तारे. ऑगस्ट २०१६ मध्ये जूनो यान गुरू आणि कड्याच्या मधून गेलं तेव्हा त्याच्या दिशा ठरवणाऱ्या कॅमेऱ्याने बाहेर बघत फोटो घेतला. कडं आतून बघितलेला तो पहिला फोटो. त्यात कड्याच्या पाठीमागे हीच काक्षी आणि हेच तीन तारे आहेत. इतक्या लांब जाऊनही मृग तसाच्या तसा.

चौथं काम: कडं स्वतः फोटोतून काढणे

छापील फोटो बघण्यात आणि कच्च्या फोटोतून कडं स्वतः बाहेर काढण्यात पेज प्यायल्याचा आणि पेजेचं वर्णन वाचल्याचा फरक आहे. जेम्स वेब दुर्बिणीने जुलै २०२२ मध्ये गुरूचे अवरक्त (इन्फ्रारेड) फोटो घेतले. त्यांत कडी, अमाल्थिया आणि अड्रास्टिआ आहेत. अवरक्तातल्या काही रंगांत गुरूच्या वातावरणातला मिथेन प्रकाश शोषून घेतो. गोळा काळवंडतो आणि कड्याला बाजूला डोकं वर काढता येतं. हवाईतल्या केक दुर्बिणीनेही हीच युक्ती वापरून कडी पकडली आहेत. पृथ्वीवरून जागा बदलता येत नाही तर रंग बदलायचा.

'मास्ट' नावाच्या संग्रहात हे फोटो कोणालाही फुकट मिळतात. खातं उघडायची गरज नाही. वेब दुर्बीण निवडा, प्रकल्प क्रमांक १३७३ घाला, उपकरण नीअरकॅम, फिल्टर एफ२१२एन किंवा एफ३३५एम. नावाच्या शेवटी 'आय२डी' असलेली फाइल घ्या. फाइली मोठ्या असतात, मोबाइलच्या डेटावर उतरवू नका.

उघडायला 'डीएस९' हा फुकट प्रोग्राम. फाइल उघडली की बहुधा पांढरा गोळा आणि काळं मैदान एवढंच दिसेल. घाबरू नका. स्केल मेनूत जाऊन लॉग निवडा. मग माउसचं उजवं बटण दाबून धरा आणि चित्रावर सावकाश डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवा. गोळा पूर्ण जळून पांढरा होऊ द्या, त्याच्याकडे लक्षच देऊ नका. कडं गुरूच्या सुमारे दहा लाखपट फिकं आहे. एकाच चित्रात दोघांनाही न्याय देता येत नाही. लग्नघरात वाजंत्री चालू असताना कोपऱ्यातल्या आजीचं बोलणं ऐकायचं असेल तर आधी वाजंत्र्यांना बाहेर पाठवावं लागतं.

आता सावधगिरी. वेबच्या फोटोत चकचकीत वस्तूंभोवती लांब टोकदार रेघा येतात. हे प्रकाशाचं विवर्तन, म्हणजे कडांपाशी प्रकाशाचं पसरणं, दुर्बिणीच्या आरशाच्या आकारामुळे. आयोच्या, आणि गुरूच्या ध्रुवप्रकाशाच्याही, अशा रेघा या फोटोत आहेत. पहिल्या दिवशी मी अशाच एका रेघेला कडं समजून चार जणांना फोटो पाठवून बसलो. तेव्हा मोजून खात्री करा. गुरूचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, निम्मा करा. मग केंद्रापासून तुमच्या रेघेच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून त्याला भागा. उत्तर १.८ च्या आसपास आलं, रेघ दोन्ही बाजूंना सारखी निघाली आणि गुरूच्या पट्ट्यांना समांतर असली तर ते मुख्य कडं. अंगणात ५० आणि ९० सेंटिमीटर आखले होते, तेच प्रमाण. २.५ च्या सुमाराला एखादा ठिपका असेल तर तो अमाल्थिया असायची शक्यता आहे. पण कक्षेत तो पुढे-मागे कुठेही असू शकतो, म्हणून याहून आत सापडला तरी हिरमुसू नका.

एकट्याने जमत नसेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही गोव्यातली जुनी हौशी संस्था आहे. तिथल्या मंडळींना विचारा.

पाचवं काम: डोळ्याने दिसणारी धूळ

गुरूची धूळ डोळ्याने दिसत नाही, पण तिची चुलत बहीण दिसते. ग्रहांमधल्या पोकळीत पसरलेल्या धुळीवर सूर्याचा उजेड पडून राशिचक्राच्या पट्ट्यात एक फिकट शंकू उभा राहतो, त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. सूर्याच्या दिशेजवळ तो सर्वांत उजळ, म्हणजे इथे आपण पश्चिमेच्या भिंतीपाशी उभे आहोत.

गोव्याला यासाठी दोन गोष्टी लाभल्या आहेत: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि आपल्या अक्षांशावर हा पट्टा क्षितिजातून बऱ्यापैकी ताठ उभा राहतो. फेब्रुवारी-मार्चमधली अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. कळंगूट-बागाकडे फिरकू नका, तिथे दिव्यांमुळे काहीच हाती लागत नाही. काणकोणात आगोंद किंवा गालजीबाग बरं. पण ही कासवांची विणीची जागा आहे आणि हे त्यांचे दिवस. वनखात्याची माणसं पहाऱ्यावर असतात. पांढरी टॉर्च पेटवायची नाही, मोबाइलचा दिवाही नाही, कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब बसायचं आणि कोणी उठायला सांगितलं तर वाद न घालता उठायचं. मी टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून नेतो, तोही पायाशी धरून.

सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. संधिप्रकाश पूर्ण संपायला सव्वा तास लागतो, तेव्हा पावणेआठच्या आधी काही दिसलं असं वाटलं तर ते संधिप्रकाशाचंच. तोवर डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाइल एकदा जरी बघितलात तर वीस मिनिटं वाया गेली. आठच्या सुमारास पश्चिमेला, तळाशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा, दुधाळ, कडा नसलेला उजेड शोधा. थेट टक लावू नका, नजर जरा बाजूला ठेवली की तो जास्त दिसतो. आकाशगंगेचा पट्टा मानाने खरबरीत असतो, हा गुळगुळीत. शहराच्या उजेडाचा घुमट बुटका आणि पिवळट असतो, हा उंच आणि किंचित तिरका.

दिसलाच नाही तर बहुधा दोष क्षितिजावरच्या मासेमारी बोटींचा. त्यांच्या दिव्यांचा पट्टा सहज बोटभर उंच जातो. हात लांब करून आडव्या तळहाताने तेवढा भाग झाका, आणि हाताच्या वर जे उरेल ते बघत बसा.